अनोळखी चहाची ओळख

१८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. त्या मंडळींत लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे हेही होते. आणि पुढें त्या चहापायीं ग्रामण्य होऊन प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलें, हा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. वाद माजला तो चहा कोणाच्या घरचा व कोणाच्या हातचा, ह्याविषयीं. चहा कोणता, हा प्रश्न त्या शास्त्रार्थांत कोठेंच नव्हता. आज हातचा प्रश्न बहुतेक घरांतून गेला आहे. चहा मात्र घरोघर राहिला आहे. तेव्हां तो मागें पडलेला प्रश्न आतां विचारावयास हरकत नाहीं: नांव नसलेला सुटा चहा पुढ्यांत आला असतां केवळ चवीवरून तो कोणता हें ओळखतां येतें काय?

प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं. सुटा चहा कोणत्याही बाजारांत घ्या. पोत्यावर नांव नसतें, जें काय असतें तें विकणाराच्या तोंडीं असतें. आहेरांत सुंदर डबे येतात, त्यांवरील चिठ्ठी दमट हवेनें सुटून जाते. मग घरांतील वडील माणूस एक घोट घेऊन 'हा आसामचा' म्हणून निकाल देतो व बाकीचे माना डोलावतात. ह्यांत कधीं पैसा जातो, कधीं प्रकृतीस अपाय होतो, आणि खरें म्हणजे न जाणतां जाणत्याचा आव आणण्याची संवय घरांतील मुलांस लागते. हें तिसरें नुकसान मला सर्वांत मोठें वाटतें.

न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर अनोळखी वस्तूची ओळख तीन वाटांनीं होऊं शकते. पहिली वाट शब्दाची: विश्वासू माणसानें सांगितलें अथवा डब्यावर लिहिलें आहे, म्हणून मानणें. दुसरी उपमानाची: वस्तूचें वर्णन पूर्वीं ऐकलें होतें, तें समोरच्या वस्तूशीं जुळलें, म्हणून मानणें. तिसरी प्रत्यभिज्ञेची: ती वस्तु पूर्वीं स्वतः अनुभविली होती व आतां 'तीच ही' असा प्रत्यय आला, म्हणून मानणें. चहाच्या बाबतींत आपण बहुधा पहिल्या दोन वाटांनीं चालतों आणि तिसरीनें चालल्याचा अभिमान बाळगतों.

शब्दाची वाट वाईट नाहीं. पण शब्द आप्ताचा पाहिजे. 'दार्जिलिंग' ह्या नांवास २००४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; तेव्हांपासून ठरलेल्या डोंगरी टापूंतील ठरलेल्या मळ्यांचा चहाच तें नांव कायद्यानें लावूं शकतो. त्यासाठीं चहा मंडळाची स्वतंत्र मुद्राही आहे. मोहरबंद पुड्यावर ती मुद्रा असेल तर त्या शब्दास कांहीं आधार आहे. उघड्या पोत्यांतून मोजून दिलेल्या पत्तीस तो आधार नाहीं.

उपमानाचें उदाहरण शास्त्रकार गवयाचें देतात. नगरांतील मनुष्यास वनचर सांगतो कीं गवय हा गाईसारखा असतो. पुढें तो मनुष्य रानांत जातो, गाईसारखा पशु पाहतो, आणि 'हाच गवय' असें जाणतो. ताडोब्याकडील रानांत ज्यांनीं गवा पाहिला असेल त्यांस ह्या उदाहरणाची गोडी विशेष कळेल. 'दार्जिलिंगच्या चहास पिकल्या द्राक्षांचा वास असतो' हें वाक्य अगदीं गवयाच्या वाक्यासारखें आहे. तें उपयोगी आहे. पण गाईसारखे पशु रानांत एकाहून अधिक असतात, आणि ऐकलेलें वर्णन मनांत घेऊन रानांत शिरणारास जो प्रथम दिसेल तोच गवय वाटूं लागतो. वर्णन ऐकून चहा पिणारास द्राक्षाचा वास येतो तो पुष्कळदां कपांतून नव्हे, वर्णनांतून येतो.

म्हणून खरा आधार प्रत्यभिज्ञेचा. परंतु तिला पूर्वसंस्कार लागतो. देवदत्तास पूर्वीं पाहिलेंच नसेल तर 'तोच हा देवदत्त' असें म्हणतां येत नाहीं. ज्यानें नीलगिरीचा चहा जाणून-बुजून कधीं घेतला नाहीं, त्याची जीभ कितीही तीक्ष्ण असली तरी ती नीलगिरी ओळखणार कशी? अनोळखी चहा ओळखण्याचें सारें रहस्य ह्यांत आहे: अनोळखी कपाशेजारीं ओळखीचे कप ठेवावे.

आतां जिभेस काय काय कळतें तें पाहूं. आपल्या षड्रसांपैकीं चहांत मुख्यतः दोन आहेत, तिक्त व कषाय; म्हणजे मराठींत कडू व तुरट. (आपला 'कडू' हा शब्द संस्कृत कटु ह्यापासून निघाला, पण संस्कृतांतील कटु म्हणजे तिखट. विद्यार्थी येथें हटकून गोंधळतात.) चहाचा कडूपणा बराचसा कॅफीनचा, तुरटपणा पॉलिफेनॉल नांवाच्या द्रव्यांचा. हीं द्रव्यें लाळेंतील प्रथिनांस चिकटतात, त्यामुळें लाळेचा ओलावा व निसरडेपणा जातो आणि गाल आंतून आवळल्यासारखे होतात. तुरट म्हणजे काय हें मुलांस शिकवावयाचें असेल तर आमच्या धानोऱ्याकडे पुस्तकाची गरज नाहीं. हिरडा किंवा कच्चें तेंदूफळ जिभेस लावलें कीं धडा पुरा होतो.

बाकी ज्यास आपण चव म्हणतों तो बहुतांशीं गंध असतो. नाक चिमटींत धरून घोट घ्यावा. कडू-तुरट एवढेंच कळेल. नाक सोडतांच घशाच्या मागून वाफ वर चढते आणि फूल, फळ, गवत, धूर हे सारे भेद एकदम उगवतात. चहा पारखणारे धंदेवाईक लोक मोठ्यानें भुरका मारतात तो ह्याचसाठीं: चहाचे तुषार हवेंत मिसळून नाकाकडे जावे म्हणून. एरवीं पंक्तींत भुरका मारणें असभ्य आहे. परीक्षेच्या वेळीं मुलांस तेवढी सूट द्यावी.

परीक्षेची रीत सोपी आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें १९८० सालीं जी रीत प्रसिद्ध केली तींत १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घेऊन, वर उकळतें पाणी ओतून, ६ मिनिटें झांकून ठेवावयास सांगितलें आहे. २ ग्रॅम म्हणजे आपले जुने सुमारें दोन मासे. चमच्यानें मोजूं नये; पत्ती फुगीर असते व भुकटी दडस, म्हणून चमचा फसवितो. चहा उकळूं नये. दूध, साखर, आलें, वेलदोडा, गवती चहा ह्यांपैकीं कांहीं घालूं नये. दुधांतील केसीन तुरट द्रव्यांस बांधून टाकतें, आणि आपण चहा पारखावयास बसून दूध पारखून उठतों. आमच्या भागांतील कित्येक गोंड घरांत चहा बिनदुधाचा, काळाच घेतात. आपण शहरी मंडळी त्यास गरिबीचा चहा समजतों. परंतु चहाची खरी चव रोज कोणाच्या जिभेवर असते, हें ह्यावरून ज्यानें त्यानें ठरवावें.

पाणी सर्व कपांस एकच असावें. ज्या बोअरिंगच्या पाण्यांत लोह अधिक असतें त्यांत चहा काळपट होतो. पूर्वीं हिरडा व हिराकस एकत्र करून शाई करीत. तुरट द्रव्य व लोह ह्यांचाच तो संयोग. कठीण पाण्यांत चहावर पातळ साय धरते व चव मंद होते. त्याचप्रमाणें चहा दुसऱ्याचे वास फार लवकर घेतो. वेचून आणलेल्या मोहफुलांशेजारीं, सुकटीच्या पाटीजवळ किंवा चुलीवरच्या फळीवर राहिलेला चहा आपला वास हरवून शेजाऱ्याचा वास सांगूं लागतो. त्यास चहाचा गुण समजूं नये.

आतां क्रमानें प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न: चहा कोणत्या कृतीचा? १७६२ सालीं लिनियसनें काळा व हिरवा चहा हीं दोन निराळीं झाडें मानून त्यांस दोन निराळीं नांवें दिलीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत रॉबर्ट फॉर्च्यून ह्यानें चीनमध्यें फिरून पाहिलें, तेव्हां दोन्ही एकाच झाडापासून होतात हें युरोपास पटलें. भेद झाडाचा नव्हे, संस्काराचा. वांगें चिरून ठेवलें कीं काळें पडतें, तशीच चुरडलेली चहाची पानें हवेनें तांबूस होतात. तो काळा चहा. पानें आधींच उष्णतेनें शेकून ही क्रिया थांबविली तर तो हिरवा चहा, आणि त्यास गवताचा किंवा उकडलेल्या शेंगांचा वास राहतो. हा भेद चवीनें कोणासही ओळखतां येतो.

काळ्या चहांतही दोन कृति आहेत. आपल्याकडे जिला ममरी म्हणतात ती दाणेदार पत्ती यंत्रांत पान चिरडून, फाडून व वळून करतात. हें यंत्र १९३० च्या सुमारास आसामांत निघालें. ममरीचा रंग झटकन् उतरतो, चव कडक व सरळ असते, बारकावे थोडे. दुसरी जुनी कृति पान अखंड वळण्याची. ती पत्ती भिजली कीं उलगडते, आणि मग पानच साक्ष देतें: आसामी जातीचें पान मोठें, चिनी जातीचें लहान व अरुंद. ममरीमध्यें ही साक्ष नष्ट झालेली असते.

दुसरा प्रश्न: चहा कोणत्या प्रदेशाचा? येथें शेजारीं ओळखीचे कप लागतात. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील आसामचा चहा गडद तांबडा, तोंड भरून टाकणारा. त्याच्या वासास धंद्यांत जी उपमा देतात ती मोड आणून भाजलेल्या धान्याची आहे. आपल्या घरांत नाचणीचें सत्त्व होत असेल तर ती उपमा सहज कळेल. असा कडक चहा निवला कीं गढूळ होतो. कॅफीन व रंगद्रव्यें एकत्र येऊन खालीं बसूं लागतात. हें बळाचें लक्षण आहे, खोटेपणाचें नव्हे. दार्जिलिंगचा चहा रंगानें फिका, अंगानें हलका, पण तोंड कोरडें करणारा. वसंतांतील पहिल्या खुडणीस हिरवट फुलासारखा वास, आणि मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीस तो पिकल्या द्राक्षांचा. ह्या दुसऱ्या वासास पानांचा रस शोषणारे बारीक तुडतुडेही कारण होतात. कीड लागल्यानें पान जीं द्रव्यें निर्माण करतें त्यांत ती सुगंधि द्रव्यें असतात. नीलगिरीचा चहा स्वच्छ, तेजस्वी, सौम्य. त्याच्या वासांत फूल आहे, पण दार्जिलिंगची कोरड नाहीं.

इतकें वर्णन दिलें तें उपमानच झालें, हें मी विसरलों नाहीं. म्हणून त्याची कसोटी कशी लावावी तें आतां सांगतों. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन-संस्थेंतील एका विदुषीनें म्हटलें कीं, कपांत दूध आधीं घातलें कीं चहा आधीं, हें मी चवीवरून सांगूं शकतें. रोनाल्ड फिशर ह्या संख्याशास्त्रज्ञानें त्यावर हंसून विषय सोडला नाहीं. १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें ह्या परीक्षेची मांडणी दिली: आठ कप, चार एका प्रकारचे व चार दुसऱ्या, क्रम अज्ञात. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. म्हणून केवळ नशिबानें सर्व बरोबर येण्याचा संभव सत्तरांत एक. कोणाची जीभ खरी व कोणाचें नुसतें दैव, हें असें वेगळें काढतां येतें.

घरांत ह्याहून सोपी परीक्षा तीन कपांची. दोन कपांत एक चहा, तिसऱ्यांत दुसरा. निराळा कोणता तें सांगावें. अंदाजानें सांगणारा तीनांत एकदां बरोबर येतो. पण लागोपाठ पांच वेळां बरोबर येण्याचा संभव २४३ मध्यें एक. आमच्या घरीं गेल्या हिवाळ्यांत नांव नसलेला एक डबा आला, तेव्हां ही परीक्षा केली. शेजारीं ठेवावयास मोहरबंद पुड्यांतील आसाम, दार्जिलिंग व नीलगिरी मिळविले, तिन्ही अखंड पत्तीचे. कपांच्या बुडाशीं खुणा नातवानें केल्या, कप दुसऱ्यानेंच मांडले, म्हणजे देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कांहीं कळूं नये. प्रत्येकानें उत्तर आधीं कागदावर लिहावयाचें, बोलावयाचें मागून. नाहीं तर वडिलांनीं एक नांव उच्चारतांच सर्वांच्या जिभेस तीच चव लागते.

अनोळखी चहा व आसाम हा भेद बहुतेकांस कळला. नीलगिरीशीं तुलना करतांना गाळण झाली. जे गृहस्थ डबा उघडतांच नांव सांगून मोकळे झाले होते त्यांचीं पांचांपैकीं दोन उत्तरें बरोबर आलीं. इतकीं तर अंदाजानेंही येतात. पांचही बरोबर आलीं तीं धाकट्या सूनबाईंचीं. रोज दोन वेळां बारा माणसांचा चहा करणारी ती. आजवर तिला चहाविषयीं मत कोणीं विचारलें नव्हतें. मीं तिला खूण विचारली. ती म्हणाली, "मामंजी, नांवं मला येत नाहींत. पण एक चहा गिळल्यावर तोंड कोरडं होतं, आणि दुसरा गिळल्यावर ओलंच राहतं. रोज पातेलं उतरवण्याआधीं मी चमचाभर चाखून बघतें, तेव्हां हेंच बघतें." तुरटपणाचें इतकें नेमकें लक्षण मीं कोणत्याही पुस्तकांत वाचलेलें नाहीं. त्याच लक्षणावर मग अनोळखी चहा व दार्जिलिंग हे शेजारीं ठेवले. पहिल्या पांच फेऱ्यांत तिचीं दोनच उत्तरें बरोबर आलीं, म्हणजे तिलाही ते वेगळे काढतां आले नाहींत.

एवढ्यावरून तो चहा दार्जिलिंगचाच ठरला काय? नाहीं. दार्जिलिंगच्या सरहद्दीपलीकडे नेपाळांत इलामचा टापू आहे. डोंगर तोच, हवा तीच, झाडांची जातही बरीचशी तीच. मधील रेघ माणसांनीं ओढलेली, ती जिभेस लागत नाहीं. मळ्याचें नांव सांगणें तर त्याहून दूर. आणि बाजारांतील बहुतेक ममरी अनेक मळ्यांचें मिश्रण असल्यामुळें 'मळा कोणता' हा प्रश्नच तेथें निरर्थक होतो. म्हणून त्या डब्यावर मीं चिठ्ठी लावविली ती अशी: 'कृति निश्चित, अखंड पत्ती. प्रदेश संभाव्य, दार्जिलिंग अथवा शेजारचा. मळा अज्ञात.' घरांतील कांहीं मंडळींस ही चिठ्ठी फार मिळमिळीत वाटली. मला ती पूर्ण वाटते; कारण तींत जितकें कळलें तितकेंच लिहिलें आहे.

शेवटीं एक इशारा, आणि तो चवीहून महत्त्वाचा. वापरलेली पत्ती वाळवून तीस रंग देऊन पुन्हां विकण्याचा प्रकार नवा नाहीं. अशा चहाची खूण जिभेस थोडी लागते: रंग भडक, आणि तुरटपणा जवळ जवळ नाहीं. रंग व तुरटपणा हीं भावंडें आहेत. एकटा रंग आला तर शंका घ्यावी. परंतु येथें जिभेवर विसंबूं नये. पांढऱ्या गाळणकागदावर चहा पसरून वर थोडें पाणी शिंपडावें, मग पत्ती धुऊन काढून कागद उजेडाकडे धरून पाहावा. शुद्ध चहाचा डाग पडत नाहीं, रंगविलेल्याचा तत्काळ पडतो. लोखंडाचा कीस असेल तर चुंबकास चिकटतो. ह्या दोन्ही परीक्षा अन्न सुरक्षा प्राधिकरणानेंच सर्वसाधारण जनतेसाठीं सांगितलेल्या आहेत. सुटा चहा प्रायः तेंच कुटुंब घेतें ज्यास पावशेराचा मोहरबंद पुडा एकदम परवडत नाहीं. आपल्याकडे धुणें-भांडीं करावयास येणाऱ्या बाईस ही कागदाची परीक्षा एकदां करून दाखविण्यास पांच मिनिटें पुरतात. ती आपल्या वस्तींत चौघींना दाखवील.

वाचकांनीं पुढील सणास घरचीं माणसें जमलीं म्हणजे तीन कप मांडून पाहावे. कपांवर खुणा मुलांकडून करवाव्या, उत्तरें लिहून घ्यावीं, आणि जी व्यक्ति रोज चहा करते तिला आधीं बसवावें. निकाल काय लागेल तें मी आधीं सांगत नाहीं. मात्र ज्यास 'कळलें नाहीं' असें लिहावेंसें वाटेल त्यानें तें निःसंकोच लिहावें, आणि वडील माणसांनीं तें उत्तर सर्वांदेखत मोठ्यानें वाचून दाखवावें.